पंधरा हजार व्होल्ट आणि पाच तांदूळ

गेल्या दिवाळीतली गोष्ट. वसुबारसेची संध्याकाळ होती. मी बाहेरच्या खोलीत सत्रान्त परीक्षेचे पेपर तपाशीत बसलो होतो. स्वयंपाकघरात चकलीचा घाणा चालला होता. आतल्या खोलीत आमची आठवीतली कन्या आणि सुटीसाठी सोलापूरहून आलेला माझा भाचा अशी दोघे होती आणि अर्ध्या तासात तिथून एकही आवाज आला नव्हता. मुलांचा दंगा ऐकू येत असला तर आईबापांनी खुशाल आपले काम करावे; मुले गप्प झाली की मात्र उठून पाहावे, हा प्रपंचातला जुना धडा आहे. मी उठणार इतक्यात आतून 'टक्' असा बारीक आवाज झाला आणि पाठोपाठ कन्येची आरोळी आली, "बाबा, अर्धा सेंटिमीटर!"

"काय अर्धा सेंटिमीटर?"

"ठिणगी! आम्ही पट्टीने मोजली. म्हणजे साधारण पंधरा हजार व्होल्ट!"

माझ्या हातातले तांबडे पेन गळून पडले. आत जाऊन पाहतो तो दिवे मालवलेले. जमिनीवर फ्रिजच्या खोक्यातून निघालेला थर्माकोलचा चौकोनी तुकडा, शेजारी आमच्या वडिलांचा जुना लोकरीचा मफलर, आणि भाच्याच्या हातात स्टीलची एक ताटली. ताटलीच्या मधोमध प्लॅस्टिकची रिकामी बाटली डकवून तिची मूठ केलेली.

वाचकहो, मी मराठीचा अध्यापक. वृत्ते आणि अलंकार यांपलीकडचे गणित मला फारसे येत नाही. पण त्रैराशिक येते. घरातल्या विजेचा दाब २३० व्होल्ट, आणि तेवढ्याने माणूस दगावतो हे आपण वर्तमानपत्रांत वाचतो. २३० व्होल्टला एक माणूस, तर १५,००० व्होल्टला किती? उत्तर आले पासष्ट! मी एक अक्षर न बोलता ताटली, थर्माकोल आणि मफलर उचलला आणि सगळे माळ्यावर टाकले.

"अहो, मुले काही तारेला हात लावीत नव्हती," सौ. म्हणाली.

"अरे, नक्की कशाची भीती आहे ते तरी त्यांना सांग," वडील म्हणाले.

"वीज म्हणजे वीज," मी म्हणालो. यावर कोणाचे काही चालले नाही.

बरणी

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी मुलांनी नवा अर्ज केला. "बाबा, यात ठिणगी बिणगी काही नाही. नुसती बरणी आहे." मी बरणी पाहिली. लोणच्याची रिकामी काचेची बरणी होती. तिला आतून आणि बाहेरून, गळ्यापासून चार बोटे सोडून, पोळ्या गुंडाळायची ॲल्युमिनियमची पन्नी लावलेली. प्लॅस्टिकच्या झाकणातून एक लांब खिळा आत सोडलेला, आणि त्याच्या टोकाला बांधलेली बारीक साखळी आतल्या पन्नीला टेकलेली. भाचा नळकामातला एक प्लॅस्टिकचा पाइप लोकरीच्या मोज्यावर घाशी आणि खिळ्याच्या डोक्यावरून फिरवी. खरेच, काहीही दिसत नव्हते. पाइप खिळ्याजवळ आला की किंचित चुरचुर ऐकू येई, एवढेच. "ठिणगी उडत नाही ना? मग करा खुशाल," असा मी निकाल दिला, आणि आपण किती समंजस बाप आहोत या समाधानात पूजेच्या तयारीला लागलो.

पाऊण तासाने टेबल मोकळे करायची वेळ आली. मुले अंगणात आकाशकंदील लावायला गेली होती. बरणी टेबलावरच होती आणि शेजारच्या खुर्चीवर वडील बसले होते. माझ्या दोन्ही हातांत काही ना काही सामान आहे हे पाहून ते म्हणाले, "थांब, ती बरणी मी उचलतो." त्यांनी हात पुढेही केला. "असू द्या, मी घेतो," असे म्हणून मी हातातले सामान खाली ठेवले, एका हाताने बरणी कवळली आणि झाकण घट्ट आहे ना हे पाहायला दुसरा हात वर नेला. तो खिळ्याला लागला.

मग काय झाले ते सांगणे कठीण आहे. कोणीतरी दोन्ही कोपरांवर एकाच वेळी हातोडा मारावा आणि छातीतून कळ निघून जावी, तसे झाले. बरणी हातातून सुटली. खाली सतरंजी होती म्हणून फुटली नाही. मी मटकन खुर्चीत बसलो. वडील विचारीत होते, "अरे, काय झाले?" आणि मी त्यांच्याकडे नुसता पाहात राहिलो. कारण माझ्या मनात एकच गोष्ट आली होती. चार वर्षांपूर्वी त्यांच्या छातीत डाव्या खांद्याखाली पेसमेकर बसवला आहे, आणि क्षणभरापूर्वी हाच हात त्यांचा असणार होता.

म्हणजे मी काय केले होते? जिचा नाद होत होता, जी डोळ्यांना दिसत होती, ती ताटली माळ्यावर टाकली होती. आणि जी मुकाट बसली होती त्या बरणीला खुशाल घरात जागा दिली होती. साप म्हणून भुई धोपटणे म्हणतात ते हेच. आणि खरा साप टेबलावर!

दाब आणि साठा

आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षक राहतात. पस्तीस वर्षे त्यांनी शाळेत पदार्थविज्ञान शिकवले. सारी इमारत त्यांना मास्तर म्हणते. दुसऱ्या दिवशी पाडव्याच्या फराळाला ते वर आले तेव्हा मी त्यांच्यापुढे झाली हकिकत मांडली. मास्तर आधी पोट धरून हसले आणि मग एकदम गंभीर झाले.

"प्राध्यापक," ते म्हणाले, "तुमचे त्रैराशिकच चुकले. व्होल्ट म्हणजे नुसती उंची. तिसऱ्या मजल्यावरून कोणी फुलपात्रभर पाणी तुमच्या डोक्यावर ओतले तर काय होईल? टोपी भिजेल. उंची तीस फूट असली तरी पाणी किती? फुलपात्रभर! उलट पानशेतची आठवण तुमच्या वडिलांना विचारा."

वडिलांना ती विचारावी लागत नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा ते तेरा वर्षांचे होते आणि त्यांचे बिऱ्हाड नदीकाठच्या पेठेत होते. पाणी कुठवर चढले हे ते अजूनही भिंतीवर हात ठेवून दाखवितात.

मास्तरांनी समोरच्या वाटीतले तांदूळ घेतले. "हे पाहा. एक मिलिज्यूल म्हणजे किती शक्ती? पाच तांदूळ जमिनीपासून एक मीटर उचलायला जेवढी लागते तेवढी. तुमच्या लेकीच्या ताटलीत पंधरा हजार व्होल्ट होते हे खरे. पण त्या उंचीवर पाणी किती होते? सारे मिळून एक मिलिज्यूल. पाच तांदूळ! थंडीत नायलॉनच्या सतरंजीवरून चालून तुम्ही दाराच्या कडीला हात लावता आणि चटका बसतो ना, त्यात तुमच्या अंगावर त्याच्या चार-पाचपट साठा असतो. आता बरणी. तिच्यात तेवढ्याच दाबाने निदान शंभर मिलिज्यूल मावतात. म्हणजे पाचशे तांदूळ. ते सगळे सेकंदाच्या लाखाव्या हिश्शाहूनही कमी वेळात तुमच्या एका हातातून शिरून छातीवाटे दुसऱ्या हातातून बाहेर पडले."

"आणि किती तांदळांना माणूस मरतो?" सौ.ने विचारले. बायकांना नेमका प्रश्न सुचतो.

"एक ज्यूल, म्हणजे पाच हजार तांदूळ झाले की धडधाकट माणसालाही चांगलाच हिसका बसतो. दहा ज्यूलच्या घरात गेले की जीव जाऊ शकतो, असे सुरक्षिततेचे ग्रंथ मानतात. ज्याचे हृदय आधीच नाजूक आहे त्याच्यासाठी तर असे आकडे मांडूच नयेत. आणि लक्षात घ्या, तुमच्या बरणीसारख्या दहा बरण्या तारेने एकत्र जोडल्या की एक ज्यूल झालाच. दाब दुप्पट केला तर साठा दुप्पट नव्हे, चौपट होतो. घरच्या विजेची तर गोष्टच निराळी. तिचा दाब २३० च, पण तिच्यामागे अख्खे वीजकेंद्र उभे असते. तिथे फुलपात्र नाही. तिथे धरणाला लावलेला नळ आहे. सोडीपर्यंत वाहातच राहतो."

एवढे ऐकल्यावर, ज्या विषयाला मी जन्मात हात लावला नव्हता तो वाचायला घेतला. आणि नवल म्हणजे, पहिल्याच पानावर माझी स्वतःची भेट झाली.

लेडनचा वकील

हॉलंडमध्ये लेडन नावाचे विद्यापीठाचे गाव आहे. तिथे १७४५-४६ च्या सुमारास मुशेनब्रूक नावाचे नामांकित प्राध्यापक काचेचा गोल फिरवून, घासून वीज निर्माण करीत. ती पाण्यात साठवता येईल का, असा त्यांच्यापुढे प्रश्न होता. त्या काळच्या पंडितांचा एक पक्का नियम होता : ज्यात वीज भरायची ती वस्तू मेणावर, काचेवर वा रेशमावर ठेवायची, म्हणजे वीज जमिनीत निसटून जात नाही. प्राध्यापक नियम पाळीत आणि हाती काही लागत नसे. त्यांच्या प्रयोगशाळेत कुनेअस नावाचे एक वकील हौसेने येत. त्यांना हा नियम ठाऊक नव्हता. त्यांनी पाण्याचे काचपात्र सरळ हातात धरले, त्यात वीज भरली आणि दुसऱ्या हाताने तारेला स्पर्श केला. पुढचे मला कोणी सांगायला नको!

प्राध्यापकमजकुरांनी मग स्वतः तो प्रयोग केला आणि १७४६ च्या जानेवारीत पॅरिसला पत्र लिहून कळवले की, अंगावर वीज पडावी तसे सर्वांग हादरले. फ्रान्सचे राज्य दिले तरी मी हे पुन्हा करणार नाही. त्याच्या थोडे आधी, १७४५ च्या शरदात, पोमेरेनियातल्या क्लाइस्ट नावाच्या गृहस्थांनाही असाच धक्का बसला होता. पण गावाचे नाव चिकटले ते लेडनचे. आमच्या लोणच्याच्या बरणीचे शास्त्रीय नाव 'लेडन पात्र' आहे, हे मला तेव्हा कळले.

वकिलांच्या हातात असे काय घडले? काचेच्या आतल्या बाजूला एक प्रकारचा विद्युत्भार गोळा झाला. त्याच्या ओढीने तळहातात, काचेला बाहेरून लगटून, विरुद्ध प्रकारचा भार जमला. दोघांना एकमेकांची ओढ आणि मध्ये काचेची भिंत. भेट होत नाही म्हणून दोघेही भिंतीला खेटून उभे राहतात आणि मागून येणाऱ्यांना जागा होते. त्यामुळे नुसत्या ताटलीवर मावेल त्याच्या शंभरपट भार बरणीत मावतो. दुसऱ्या हाताने तारेला स्पर्श केला की भिंत वळसा घालून ओलांडण्याची वाट मिळते, आणि ती वाट माणसाच्या छातीतून जाते.

युरोपात मग या धक्क्याचे वेडच लागले. फ्रान्समध्ये नोले नावाच्या पाद्रीबुवांनी १७४६ मध्ये राजा पंधराव्या लुईसमोर १८० शिपायांना हातात हात देऊन उभे केले आणि बरणी सोडली. सारे एकदम उडाले. पुढे मठातल्या दोनशेच्या आसपास संन्याशांवरही हाच प्रयोग झाला. राजाची करमणूक झाली. त्या शिपायांपैकी कोणाचे हृदय कसे होते, हे कोणी विचारल्याचे दिसत नाही.

अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिन अशा बरण्यांच्या रांगा जोडू लागला. तोफांच्या रांगेला इंग्रजीत बॅटरी म्हणत. तोच शब्द त्याने १७४९ च्या सुमारास या रांगांना दिला. आपण भिंतीवरच्या घड्याळात घालतो ती बॅटरी नावाने या तोफखान्याची नात आहे. १७५० च्या नाताळाच्या दोन दिवस आधी फ्रँकलिन दोन मोठ्या बरण्यांतल्या विजेने टर्की पक्षी मारून दाखवणार होता. भोवती मंडळी जमली होती, बोलणी चालली होती, आणि बोलता बोलता त्याचे दोन्ही हात लागायचे तिथे लागले. पक्षी वाचला, फ्रँकलिन बेशुद्ध पडला. शुद्धीवर आल्यावर त्याला त्या चुकीची लाज वाटली आणि त्याने ती भावाला पत्रातून कळवली. त्या वेळी तो चव्वेचाळीस वर्षांचा होता. माझेही वय तिथेच कुठेतरी आहे, म्हणून मला त्याच्याविषयी विशेष आपुलकी वाटली.

तिसरी हकिकत हसण्याची नाही. १७५३ च्या ऑगस्टमध्ये रशियात सेंट पीटर्सबर्गला रिखमान नावाचे शास्त्रज्ञ छपरावरच्या सळईतून आकाशातली वीज घरात आणून मोजीत होते. वादळ आले, रिखमान उपकरणाजवळ वाकले, आणि विजेचा गोळा त्यांच्या कपाळाशी आला. ते जागच्या जागी गेले. ताटली, बरणी, बरण्यांची रांग आणि आकाश, वीज एकच, फरक साठ्याचा.

तृणमणी

इथे मराठीच्या अध्यापकाला थोडे आपल्या रानात शिरू द्यावे. विजेला इंग्रजीत जो शब्द आहे तो मूळ ग्रीक. त्याचा अर्थ अंबर नावाचा पिवळा डिंकमणी. झाडांचा डिंक लाखो वर्षे जमिनीत राहून तो होतो. घासला की काडी-कचरा ओढून घेतो. इंग्लंडच्या गिल्बर्टने १६०० मध्ये आपल्या ग्रंथात या ओढीला त्या मण्यावरून नाव दिले. फारसीत याच मण्याला कहरुबा म्हणतात, म्हणजे 'काडी पळवणारा'. आणि अरबी भाषेत आज दिव्याच्या विजेला जो शब्द आहे तो या कहरुब्यापासूनच झालेला आहे. आणि आपल्याकडे? संस्कृतात अंबराचे एक नाव आहे 'तृणमणी', गवताची काडी ओढणारा मणी. तीन संस्कृतींनी एकाच मण्याकडे पाहिले आणि तिघींनाही त्याचा एकच गुण दिसला. पाच तांदळांच्या शक्तीचा हा खेळ माणूस अडीच हजार वर्षे खेळत आला आहे. तो आपल्या मुलांना वर्ज्य करणारा मी कोण?

त्यातून हा खेळ मुळातच घरगुती सामानाचा. मुलांची ती ताटली म्हणजे इटलीच्या व्होल्टाने १७७५ मध्ये प्रसिद्धीस आणलेले इलेक्ट्रोफोरस नावाचे यंत्र. त्याच्या आधी १७६२ मध्ये स्वीडनच्या विल्केने तसले यंत्र केले होते. आणि अमेरिकेत व्हान डी ग्राफ याने १९२९ मध्ये आपले पहिले प्रचंड दाबाचे यंत्र केले ते पत्र्याचा डबा आणि बाजारातली रेशमी फीत घेऊन. त्यातून ऐंशी हजार व्होल्ट निघाले. त्याच वंशातल्या मोठ्या यंत्रांनी पुढे अणूच्या पोटात शिरून पाहिले.

घरची सामग्री

पाडव्याच्या संध्याकाळी मी माळ्यावरून ताटली काढली. मास्तरांनी मुलांकडून, आणि माझ्याकडूनही, सारा प्रयोग पुन्हा करून घेतला. हौस असेल त्या घरी करता यावा म्हणून तो इथे सांगतो.

थर्माकोलचा सपाट, कोरडा तुकडा घ्यावा. लोकरीच्या कापडाने मिनिटभर चांगला घासावा. लोकरीतले ऋण कण, म्हणजे इलेक्ट्रॉन, थर्माकोलवर जातात आणि तिथेच बसून राहतात, कारण थर्माकोलमधून त्यांना हलता येत नाही. मग प्लॅस्टिकच्या मुठीची, गोल कडेची ताटली वर ठेवावी. तीक्ष्ण कड नको. टोकाटोकांतून भार हवेत गळून जातो. आता ताटलीला बोट लावावे. थर्माकोलवरच्या ऋण भाराने ताटलीतल्या इलेक्ट्रॉनांना दूर रेटलेले असते. ते बोटावाटे निघून जातात. बोट काढावे, मुठीला धरून ताटली उचलावी आणि बोट पुन्हा जवळ न्यावे. टक्! ठिणगी.

गंमत पुढेच आहे. थर्माकोल पुन्हा घासावा लागत नाही. ताटली ठेवा, बोट लावा, उचला; ठेवा, बोट लावा, उचला. दहा वेळा, वीस वेळा ठिणगी निघते. भाच्याने विचारले, "मास्तर, मग ही वीज फुकटच की!" मास्तर म्हणाले, "ताटली उचलताना ती किंचित जड लागते. थर्माकोल तिला खाली ओढीत असतो. ती ओढ तोडायला तुझ्या हाताला जे कष्ट पडतात, त्यांचीच ठिणगी होते. फुकट काही नाही, बाळ." ठिणगी म्हणजे आपल्याच दंडातली शक्ती आहे, हे ऐकून माझी उरलेली भीतीही गेली.

ठिणगीच्या लांबीवरून दाब कळतो. दोन गोल कडांमध्ये एक सेंटिमीटर हवा फोडायला साधारण तीस हजार व्होल्ट लागतात. पट्टीने मोजायचे ते एवढ्याचसाठी. घरातला टेस्टर उघड्या बोटांत नेहमीसारखा धरून ताटलीला टेकवला तर त्यातला बारीक दिवा क्षणभर लखकन चमकतो. काचेच्या बाटलीच्या बुचातून तार सोडून तिच्या टोकाला चॉकलेटच्या पातळ पन्नीच्या दोन पट्ट्या टांगल्या आणि ताटली तारेजवळ आणली, तर दोन्ही पट्ट्या एकमेकींवर रुसून दूर होतात.

आणि हवामान! जुलैत हा प्रयोग करून पाहाल तर काही म्हणता काही होणार नाही. पावसाळ्यात प्रत्येक वस्तूवर ओलाव्याचा न दिसणारा पातळ पापुद्रा बसतो आणि भार त्यावरून ओघळून जातो. पुणे, नगर, सोलापूर, नागपूर इकडे दिवाळीपासून होळीपर्यंतचा काळ यासाठी उत्तम. मुंबईच्या आणि कोकणातल्या वाचकांनी सामान आधी उन्हात किंवा केस वाळवायच्या यंत्राने कोरडे करून घ्यावे.

लक्ष्मणरेषा

मास्तरांनी मुलांना काही रेघा आखून दिल्या. त्या मी फ्रिजवर लावून ठेवल्या आहेत.

पहिली रेघ सर्वांत मोठी : भिंतीतल्या विजेशी या खेळाचा काडीचाही संबंध येऊ द्यायचा नाही. जुना टीव्ही, बिघडलेला मायक्रोवेव्ह, गाडीची इग्निशन कॉइल यांतून मोठा दाब काढायच्या नादी लागायचे नाही. मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर दोनच हजार व्होल्ट देतो, आमच्या ताटलीच्या मानाने किरकोळ. पण त्याच्या मागे धरण आहे. अशा ट्रान्सफॉर्मरने लाकडावर विजेच्या वेली कोरण्याच्या हौसेपायी अमेरिकेत अनेकांचे प्राण गेले आहेत. बंद पडलेल्या मायक्रोवेव्हच्या पोटातही भार साठून राहू शकतो. तो उघडायचाच नाही.

दुसरी : साठा लहान ठेवायचा. बरणी करायचीच तर लोणच्याची नको. दोन लहान प्लॅस्टिकचे पेले पन्नी गुंडाळून एकात एक बसवावे, पाइपाचे चार-पाच हात द्यावे आणि थांबावे. दोन बरण्या एकमेकींना कधी जोडायच्या नाहीत.

तिसरी : भरलेल्या बरणीला दोन हात लावायचे नाहीत. एक हात पाठीमागे. ती रिकामी करायची ती प्लॅस्टिकच्या नळीवर बांधलेल्या तारेने. तारेचे एक टोक आधी बाहेरच्या पन्नीला लावावे, मग दुसरे खिळ्याला न्यावे. काही मिनिटांनी हेच पुन्हा करावे, कारण काच आणि प्लॅस्टिक भार आपल्या अंगात मुरवून ठेवतात आणि रिकामी केलेली बरणी पुन्हा थोडी भरते. काम संपले की खिळा आणि बाहेरची पन्नी तारेने बांधूनच ठेवावी. भरलेली बरणी सोडून कोणीही, कितीही घाई असली तरी, आकाशकंदील लावायला जाणार नाही.

चौथी : स्वयंपाकघरात नाही, गॅसजवळ नाही, पेट्रोलजवळ नाही, हात धुण्याच्या स्पिरिटजवळ नाही, फटाक्यांच्या पेटीजवळ तर नाहीच. हे मला पटेना. पाच तांदूळ काय करणार? मास्तर म्हणाले, "माणसाला काही नाही. पण हवेत मिसळलेला गॅस किंवा पेट्रोलची वाफ पेटायला पाव मिलिज्यूल पुरतो. सव्वा तांदूळ! पेट्रोलचा टँकर रिकामा करण्याआधी त्याला तार लावून जमिनीशी का जोडतात? शोभेच्या दारूच्या कारखान्यांत कामगारांच्या अंगावर भार राहू नये म्हणून एवढी काळजी का घेतात? याचसाठी." पुन्हा माझे त्रैराशिक चुकले होते. साठा लहान की मोठा, हे समोर कोण उभे आहे त्यावर ठरते.

पाचवी : ज्याला ठाऊक नाही त्याच्या हाती बरणी द्यायची नाही, थट्टेनेसुद्धा. शिपायांच्या आणि संन्याशांच्या रांगा इतिहासात ठीक. पेसमेकर बसवलेली, हृदयविकाराची माणसे दुसऱ्या खोलीत. मोबाइल, संगणक आणि कानाचे यंत्र यांनाही ठिणगीपासून लांब ठेवायचे. त्यांच्या आतले बारीक भाग एवढ्यानेच निकामी होऊ शकतात.

सहावी : आकाशात ढग गडगडत असताना पतंग, सळई, गच्ची यांचे नाव काढायचे नाही. रिखमानांची आठवण ठेवायची.

आणि शेवटची रेघ माझ्यासाठी होती. ती मास्तरांनी लिहिली नाही, नुसती सांगितली. "प्राध्यापक, कशाला मना करायचे असेल तर आधी समजून घ्या. आणि परवानगी द्यायची असेल तर त्याहून अधिक समजून घ्या."

भाऊबीज

भाऊबिजेला रात्री ओवाळणी झाल्यावर मुलांनी प्रयोगाचा कार्यक्रम ठेवला. फटाके आधीच खालच्या कोठीत नेऊन ठेवले होते. मोबाइल आतल्या कपाटात. बरणी नव्हतीच, नुसती ताटली. वडिलांची खुर्ची पलीकडच्या खोलीत, उघड्या दारातून दिसेल अशी मांडली होती. दिवे मालवले. कन्येने थर्माकोल घासला, ताटली ठेवली, बोट लावले, उचलली. भाऊबीज तिची आणि भाच्याची. म्हणून पहिली ठिणगी भावाला. अंधारात निळसर रेघ उमटली आणि विझली. टक्!

दुसरी माझी. बोट पुढे करताना पोटात गोळा आला नाही असे म्हणणार नाही. पण सुई टोचावी एवढेच काय ते झाले.

पलीकडच्या खोलीतून वडिलांचा आवाज आला, "किती व्होल्ट ग?"

"पंधरा हजार, आजोबा!" कन्या म्हणाली. "म्हणजे पाचच तांदूळ."

"बरं," वडील म्हणाले, "आणखी एकदा दाखव."